डायल टोनची वाट

“मग सांगा ना महाराज, यात माझं काय चुकलं?”

श्रीरंगाचा आवाज चढला होता. मठात आवाज चढवत नाहीत. पण हा इंजिनिअर, मठाचा एकुलता एक कॉम्प्युटर याच्या हाती. काल एकादशीला त्यानं त्यात लिनक्सची नवी आवृत्ती घातली, तेव्हापासून इंटरनेट बंद.

पायरीवर इंदूताई बसून होत्या. लेक मस्कतला, पहिलटकरीण, दिवस भरलेले. जावयांची ईमेल मठातच यायची. आज द्वादशी, तरी पारण्याचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

मी शेजारी शेंगा सोलत होतो. खरं सांगतो, श्रीरंगाचा मला संताप आला होता. बरं चाललेलं बदलायला याला सांगितलं होतं कुणी?

“काय काय करून पाहिलंस?” महाराजांनी विचारलं.

“सगळं! मोडेम दिसतो. नंबर बरोबर, पासवर्ड बरोबर. तरी म्हणतो, डायल टोन नाही, लाइनवरची ती गुणगुण ऐकूच येत नाही. नव्या आवृत्तीचाच घोळ आहे, दुसरं काय!”

“मग?”

“मग मी सेटिंगमध्ये एक ओळ घातली. टोनची वाट बघू नकोस, थेट नंबर फिरव.”

“म्हणजे, ऐकू नकोस, बोलत सुट?”

“...हो. तसंच.”

“लागला?”

“नाही.”

महाराजांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

“तुझं एकादशीचं मौन कधी सुटलं?”

“आज सकाळी, पारण्याला. त्याचा इथं काय संबंध?”

महाराज उठून आतल्या खोलीत गेले. आम्ही सगळे मागोमाग.

तिथे कोनाड्यात मठाचा फोन. मोडेमही त्याच तारेवर. मौनाच्या दिवशी घंटा वाजू नये म्हणून आमच्याकडे रिसीव्हर काढून पंच्यात गुंडाळून ठेवतात. ज्याची पाळी त्यानं काढायचा, आणि पारण्याआधी त्यानंच जागेवर ठेवायचा.

काल पाळी श्रीरंगाची होती.

रिसीव्हर अजून पंच्यातच होता.

महाराजांनी पंचा सोडला. रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे... मग हळूच तो जागेवर ठेवला.

श्रीरंगाचा चेहरा खर्रकन उतरला. कॉम्प्युटरकडे जायला तो वळला, तोच फोन वाजला.

त्यानं झडप घातली. “हॅलो, मी मठातून श्रीरंग बोलतोय, आमच्याकडे काय झालं—”

महाराजांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. रिसीव्हर काढून घेतला आणि इंदूताईंच्या कानाशी धरला.

पलीकडून जावई ओरडून सांगत होते, कालपासून फोन लावतोय, सारखा एंगेज! मागे बाळ रडत होतं. ते मला उंबऱ्यापाशी ऐकू आलं.

“आणि ती?” इंदूताईंनी एवढंच विचारलं.

लेकीचा आवाज आला. “आई...”

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. रडत रडत ऐकत राहिल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

फोन झाल्यावर श्रीरंग पुढे आला. मान खाली.

“महाराज... आता इंटरनेट जोडू?”

“जोड. पण ‘ऐकू नकोस’ म्हणणारी ती ओळ आधी पूस.”