निळीची पहिली कळी

हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात, जिथे देवदारही चढता चढता थांबतात आणि पुढे नुसते गवत आणि दगड उरतात, एकदा एक वृद्ध साधक राहत असे. मूळचा तो कुठला, हे त्याने कधी कुणाला सांगितले नाही. त्याच्याजवळ एक शिष्य होता, गोदाकाठच्या एका माळ्याचा मुलगा. शेवंतीच्या मळ्यात वाढलेला, मातीत हात घालायची लहानपणापासून सवय असलेला. ज्ञान मिळवायचे म्हणून तो इतक्या वर धापा टाकत आला, आणि वृद्धाने पहिल्याच सकाळी त्याच्या हातात पाण्याची झारी दिली. ज्ञानाच्या शोधात घर सोडणाऱ्यांच्या नशिबी बहुधा असेच काहीतरी येते.

त्या खोऱ्याच्या उतारांवर पूर्वी एक फूल उमलत असे. खसखशीच्या जातीचे, पण निळे. लोक त्याच्या झाडाला नुसते 'निळी' म्हणत. एका वर्षी दरड कोसळली आणि निळीची सगळी जागाच नदीत गेली. त्यानंतर त्या बाजूला ती कुणाला दिसली नाही. साधक कधी बोलता बोलता थांबे आणि म्हणे, "तसा रंग मी पुन्हा कुठं पाहिला नाही रे." एरवी कशाचीही हळहळ न करणारा माणूस त्या फुलाविषयी मात्र हळहळे, आणि शिष्याच्या मनात ते घर करून राहिले.

दर उन्हाळ्यात खोऱ्यात मेंढ्या घेऊन येणारी एक बाई होती. अतिशय बोलकी. ती वळणापलीकडे असतानाच तिचा आवाज कुटीपर्यंत पोहोचे. सोबत माणूस नसले तर ती मेंढ्यांशी बोले, मेंढ्या कंटाळल्या तर वाऱ्याशी. एका वर्षी थंडीच्या तोंडावर खाली परतताना तिने पदराच्या गाठीत एक वाळके बोंड बांधून आणले.

"बाबा, हे तुमच्या निळीचं आहे का बघा," ती म्हणाली. "खिंडीपलीकडं सापडलं. फूल काही मी जन्मात पाहिलेलं नाही. आम्ही तिकडं पोचेतो सगळं वाळून गेलेलं असतं. पण तुम्ही सांगता तशी लव आहे बोंडावर."

साधकाने बोंड बोटांनी चाचपले आणि किती तरी वेळ ते हातातच धरून ठेवले. मग त्याने बी एका लाकडी खोक्यात पेरले आणि खोके उघड्यावर, बर्फ पडेल तिथे नेऊन ठेवले.

"बाबा, गारठून मरेल ते," शिष्य म्हणाला.

"गारठल्याशिवाय ते जागं होत नाही," एवढेच उत्तर मिळाले.

वसंतात बर्फ वितळले तसे खोक्यात इवले अंकुर दिसू लागले. शिष्याने त्यांना शेवंतीसारखे प्रेमाने भरपूर पाणी घातले, आणि त्या प्रेमाने बरेचसे कुजले. एक रोप तेवढे तगले. त्या उन्हाळ्यात त्याने सोनेरी लव असलेली पाने धरली, थंडी येताच ती गळाली आणि रोप बर्फाखाली दिसेनासे झाले.

त्याच हिवाळ्यात साधकाच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागले. गावाकडून वैद्य आला, त्याने दिवा डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि बाहेर येऊन शिष्याला हळूच सांगितले, "येता उन्हाळा दिसेल त्यांना. त्याच्या पुढचा नाही."

शिष्य आत जाऊन बाबांच्या अंथरुणाशी बसला. या माणसाने त्याला आश्रय दिला होता, तापात त्याच्या उशाशी बसून काढा पाजला होता, आणि त्याच्या उद्धट प्रश्नांनाही कधी टाकून उत्तर दिले नव्हते. त्याची परतफेड काय करणार? शिष्याने मनाशी ठरवले की डोळे जाण्याआधी बाबांना निळी दाखवायचीच. वसंतात रोप पुन्हा वर आले. त्याला घाई करायला हवी, म्हणून तो मेंढ्यांचे लेंडीखत पाण्यात कालवून गुपचूप त्याच्या बुडाशी ओतू लागला.

आणि खरोखरच एका सकाळी पानांच्या मधोमध कळी वर आलेली दिसली. लवेने झाकलेली, मान खाली घातलेली. शिष्य धावतच कुटीत गेला आणि वृद्धाला हात धरून घेऊन आला. वृद्ध रोपाजवळ बसला. त्याने पाने चाचपली, मग बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरून पाहिली.

"बूड एकच आहे का रे?"

"एकच."

"बाजूला फुटवा?"

"अजून नाही. पण कळी बघा ना बाबा, केवढी आहे. आठ-पंधरा दिवसांत फुलेल."

वृद्धाने डोळे अगदी जवळ नेऊन कळीकडे पाहिले. मग नखाने ती देठापासून खुडली, शिष्याच्या तळहातावर ठेवली, आणि काठी टेकीत कुटीकडे निघून गेला.

शिष्य तिथेच खाली बसला. त्याने कळी उकलून पाहिली. आत चुरगळलेल्या पांढुरक्या पाकळ्या होत्या, निळेपण त्यांच्यात अजून यायचे होते. तो दुपारी जेवला नाही. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असेही त्याच्या मनात येऊन गेले, आणि तसे मनात आल्याची त्याला लाजही वाटली. शेवटी ऊन उतरल्यावर तो आत गेला.

"बाबा, ती मी तुमच्यासाठी वाढवली होती."

"ठाऊक आहे. लेंडीखताचा वास येत होता. डोळे जायला आलेत, नाक शाबूत आहे," वृद्ध म्हणाला. "बस. तुझ्या वडिलांच्या मळ्यात शेवंतीचे शेंडे कोण खुडायचं?"

"मीच."

"तेव्हा असा उपाशी बसायचास?"

"तिथं वाफेच्या वाफे होते, बाबा. इथं एकच रोप होतं. आणि शेवंती बघायला कुणाचे डोळे अडून बसलेले नव्हते."

वृद्धाने मान डोलावली. मग म्हणाला, "ऐक. निळीचं असं असतं, की एकाच बुडावर फुलली तर ती सगळा जीव त्या फुलात घालते आणि फुलासकट जाते. एकट्या फुलात बी भरेलच असंही नाही. पहिली कळी काढली की जीव मुळाकडं परततो, बाजूला फुटवे येतात, आणि मग ती वर्षानुवर्षं फुलते. ते बोंड त्या बाईनं पदरात बांधून खिंड ओलांडून आणलं. ते मी एका सकाळीत पाहून संपवू?"

"पण पुढच्या वर्षी तुम्हाला दिसणार नाही."

"नाही दिसणार. आणि त्याचं मला वाईट वाटतं. मी काही दगड नाही." त्याने शिष्याचा हात हातात घेतला. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा घरी भांडून इकडं आलो. या जगात माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही, असा माझा तोरा होता. बडबड्याही होतो. या वळणावर एका म्हातारीची झोपडी होती आणि दारात निळीचा हा एवढा झुबका फुललेला. मी बघत उभा राहिलो तो राहिलोच, तोंडातून शब्द फुटेना. म्हातारीनं पाणी दिलं, ते प्यालो आणि पुढं निघून गेलो. पुढं मी स्वतः ही झाडं लावायला लागलो तेव्हा कळलं, की एवढा झुबका आपोआप होत नाही. त्या म्हातारीनं कधीतरी पहिली कळी खुडली असणार, आणि ते वर्ष फुलावाचून काढलं असणार. कुणासाठी, ते तिलाही ठाऊक नसेल. आभार मानायला परत आलो तोवर ती गेली होती. इतकी वर्षं ते राहून गेलं होतं. आज ती कळी खुडून मानले."

शिष्याने मान खाली घातली. त्या संध्याकाळी त्याने वृद्धाच्या पानाशेजारी आपलेही पान वाढून घेतले.

उन्हाळ्यात मेंढ्यांसोबत बाई आली. झाडाला नुसती पाने पाहून तिने कळीची चौकशी केली, आणि खरे काय ते कळल्यावर तिने वृद्धाला तोंडावर वेड्यात काढले. वृद्ध हसत ऐकून घेत राहिला. थंडीपर्यंत बुंध्याभोवती फुटवे दिसू लागले. मग बर्फ पडले, आणि त्या बर्फाखालच्या महिन्यांत वृद्धाच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेडही गेला.

पुढच्या उन्हाळ्यात निळी फुलली. एकेका फुटव्यावर कळ्या आल्या होत्या आणि त्या एकामागून एक उमलत गेल्या. शिष्याने घोंगडी अंथरून वृद्धाला झाडाजवळ बसवले. वृद्धाने एका पाकळीला बोट लावले.

"गार आहे," तो म्हणाला. "निळी कशी आहे, सांग बरं."

"आभाळासारखी," शिष्य म्हणाला. मग त्याने वर आभाळाकडे पाहिले आणि तो ओशाळला. "नाही बाबा. तशी नाही."

"राहू दे. मलाही कधी सांगता आलं नाही."

इतक्यात वळणाखालून आवाज आला. बाई येत होती. एक मेंढी लंगडत होती, तिचा ती उद्धार करीत होती. पाऊलवाट वाहून गेली होती, त्याचा दोष ती नदीला देत होती. आवाज चढत चढत वळणापर्यंत आला. "आणि बाबांना सांगते, यंदा जर का त्यांनी पुन्हा..." एवढे म्हणून तो मध्येच तुटला. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत राहिल्या.

वृद्धाने चेहरा वर उचलला. "आली ना ती?"

"आली."

"समोर उभी आहे?"

"हो, बाबा."

"मग बोलत का नाही?"

शिष्याने पाहिले. बाईने हात तोंडावर ठेवला होता. वाक्य अर्धे राहिले आहे, याची तिला आठवण नव्हती. तिच्या मेंढ्या तिला सोडून पुढे निघाल्या होत्या, तिकडेही तिचे लक्ष नव्हते.

"ती नुसती बघते आहे, बाबा," शिष्य म्हणाला.

वृद्धाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळले आणि तो समाधानाने हसला. "हां," तो म्हणाला. "आता दिसली मला निळी. अगदी तशीच आहे."

शिष्याने हात जोडले. समोर वृद्ध होता, बाई होती, झाड होते. पण ते हात त्या सगळ्यांच्याही मागे, त्याने कधी न पाहिलेल्या एका म्हातारीसाठी जोडलेले होते.

आपल्या दारात जे फुलले आहे त्याची पहिली कळी कोणी खुडली होती, हे बहुधा आपल्याला कळत नाही; नाव ठाऊक नसले तरी त्यांचे आभार मात्र आजही मानता येतात.