गोजराबाईचा पहिला घास

एका राज्यात विजयकेतू नावाचा राजा होता. घरात समया कमी नव्हत्या, तरी त्यानं काळजंघ मांत्रिकाच्या गुहेतलं स्फटिकाचं झुंबर उचलून आणलं. राजे असेच. दुसऱ्याच्या घरचा उजेड त्यांना जास्त गोड लागतो.

ते उचलताना मांत्रिक म्हणाला, "ने. पण टांगणाराचा स्वतःच्या हातावर भरवसा नसेल, तर हे पडेल. राज्यातले सगळे दिवे विझतील. टांगणारा पारवा होईल, आणि तिसऱ्या सूर्यास्ताला माणसाची बोली विसरेल. त्याआधी कुणी भरवशानं ते परत टांगलं तर सुटेल, नाहीतर कायमचा पारवा."

राजानं हसून झुंबर हत्तीवर चढवलं.

त्या राज्यात टांगण्याचं काम करणारं एकच घराणं. पाळणे, झोपाळे, हंड्या, सगळं त्यांच्या हातचं. घरची कर्ती गोजराबाई, राजवाड्यापासून एका दिवसाच्या वाटेवर राहणारी. तिचा एकुलता लेक लिंबाजी, त्यानं झुंबर टांगलं. दरबारानं टाळ्या पिटल्या, तो राजाच्या हातची शाल घ्यायला निघाला आणि दुसऱ्या क्षणी झुंबर खाली आलं. स्फटिक एकही फुटला नाही. दिवे मात्र गावोगाव विझले, आणि लिंबाजी फडफडत छताच्या कोनाड्यात जाऊन बसला.

निरोप मिळून गोजराबाई पोचली ती तिसऱ्या दिवशी, सकाळी. राजाला मुजरा न करता तिनं वर पाहिलं.

"लिंब्या, खाली ये."

पारवा तिच्या खांद्यावर येऊन बसला. "आये, माझी बोली चाललीय. ते... ते चढायचं असतं, त्याला काय म्हणतात?"

"शिडी," गोजरा म्हणाली. आवाज तिनं हलू दिला नाही. "काय काय झालं ते सांग. पटपट."

"झुंबर पडताच एका तुळईच्या सात झाल्या. खरी शोध. माझा लोखंडी आकडा नाग होऊन विहिरीत गेला. त्याला आण. मग टांग."

"तुळई खरी होती ना? गाठ मी शिकवलेलीच ना? मग पडलं का?"

"ते ठाऊक असतं तर मला पंख कशाला फुटले असते?"

गोजरा शिडी चढली. एकेका तुळईवर तिनं लाकडी मोगरी ठोकली. पहिली म्हणाली, "ये बाई, मीच खरी." दुसरी म्हणाली, "माझ्यासारखी मीच." अशा सहाजणी गोड बोलल्या. सातवी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वजन किती?"

"हीच," गोजरा म्हणाली. बाकीच्या सहा धूर होऊन गेल्या.

मग ती विहिरीशी गेली. तळाला लोखंडी नाग वेटोळं घालून बसला होता.

"डसेन," नाग म्हणाला.

"डस. पण लोखंड असून पडून राहतोस, लाज नाही वाटत? ये वर, काहीतरी पेल."

नागाला लाज वाटली. तो वर आला, तिच्या हातात वाकला आणि आकडा झाला.

आकडा तुळईत बसला. कप्पीवरून दोर ओवला, चार पहिलवानांनी ओढला आणि झुंबर वर गेलं. गोजरानं गाठ मारली, तोवर सूर्य खिडकीच्या खालच्या चौकटीला टेकला होता.

राजा सिंहासनावरून म्हणाला, "वा! गोजराबाई, या. शाल घ्या."

गोजरा निघाली, अन् तिसऱ्या पावलाला थबकली. खांद्यावरच्या पारव्याकडे वळून तिनं विचारलं, "लिंब्या, टांगून झाल्यावर तू खाली बसला होतास का?"

पारव्यानं चोच पंखात खुपसली. "राजा... शाल..." एवढंच त्याला आलं.

"मेल्या! पाळणा असो की झुंबर, टांगणारानं खाली बसून पहिला घास खायचा. आपल्या कामाखाली आपण बसायचं नाही, तर लोकांनी का बसावं?"

ती मागं फिरली, झुंबराच्या बरोबर खाली मांडी घालून बसली आणि पदराची भाकरी सोडली. वर स्फटिक किणकिणले. झुंबरातून काळजंघाचा आवाज आला, "म्हातारे, पडेन हं!"

"पड. पण माझी गाठ आहे ती. आधी तिला विचार."

प्रधान डोळे झाकून ओरडले. झुंबर एकदा डावीकडे झुललं, एकदा उजवीकडे. गोजरानं मान वर केली नाही. तिनं कांदा फोडला, घास मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

झुंबर थांबलं.

मग त्यातली एक ज्योत लागली. मग दुसरी. मग राज्यात, गावोगाव, ओसरीवर, देवळात, गोठ्यात दिवे लागत गेले. सूर्य बुडाला तो कुणाच्या ध्यानातही आला नाही. पारव्यानं भाकरीचा चुरा टिपला, आणि गोजराच्या शेजारी तिचा लेक बसला होता, ओठाला चुरा लागलेला.

"शिडी," तो म्हणाला. "आये, शिडी! शिडी!"

गोजरानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तोच हात तिथंच राहू दिला.

राजा सिंहासनावरून उतरला. शाल त्यानं बाजूला ठेवली. "बाई, आम्हीही खाली बसावं का?"

"बसा. आधी मांत्रिकाला निरोप धाडा, त्याचं झुंबर उद्या उतरवून देतो म्हणून. मी उतरवीन. आजच्यापुरता उजेड त्याचा, भाकरी माझी."

राजा बसला. तिनं त्याला चतकोर दिली.

झुंबर आपल्या घरी गेलं, राज्यात समया राहिल्या, आकडा तुळईत राहिला. त्याला पुढं राजाच्या नातवाचा पाळणा लागला, आणि त्याखाली पहिला घास लिंबाजीनं खाल्ला. कुणाला सांगावं लागलं नाही.