उजव्या खुर्चीतली मैना

राजे वज्रधरांच्या चार विमानांपैकी तीन जमिनीवर बसून होती! कारण उडवायला वैमानिक नव्हते. वैमानिक नव्हते, कारण त्यांना शिकवायला कोणी नव्हतं. आणि शिकवायला कोणी नव्हतं, कारण शिकवण्याचा हक्क फक्त कॅप्टनांचा. ते शिकवायला खाली थांबले की चौथं विमानही बसायचं!

राजवाड्यामागच्या जुन्या हत्तीखान्यात सिम्युलेटर होता. म्हणजे विमानाची नुसती पुढची खोली. समोर पडद्यावर आभाळ, खाली पळणारी जमीन. आपटलं तरी कोणी मरत नाही! पण राजांचा सराव सोडला तर त्याला सदा कुलूप, आणि बाहेर शिकाऊ पोरं पत्ते कुटत बसलेली.

मैनाला हे बघवेना. ही नावाड्याची मुलगी विमानात उजव्या खुर्चीत बसायची, को-पायलट म्हणून. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, सिम्युलेटरवर आम्हा को-पायलटांना शिकवू द्या!"

दरबार खो खो हसला. मुख्य कॅप्टन खंडागळ्यांनी मिशीला पीळ दिला. "जिला अजून कॅप्टनची डावी खुर्ची मिळाली नाही, ती शिकवणार? अगं पोरी, इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, हे अनुभवानंच कळतं!"

"तुमचं किती वेळा बंद पडलंय, साहेब?"

"माझं? एकदाही नाही!"

"मग अनुभव माझ्याइतकाच की!"

राजे गालात हसले. पण हट्टी माणूस! "मैनेनं गरुडांना उडायला शिकवायचं? बरं! वर्षभर मी खंडागळ्यांकडे शिकतोय. सिम्युलेटरमध्ये दर खेपेला विमान फुलासारखं उतरवतो! त्यांना जे शिकवता आलं नाही, ते उद्या सूर्य मावळायच्या आत मला शिकव. जमलं तर तुझं म्हणणं मान्य. नाही जमलं, तर वैमानिकाचा परवाना इथे ठेव आणि बापाच्या होडीत वल्हं मार!"

 राजांच्या सरावाला शेजारी उजव्या खुर्चीत बसायची ती मैनाच.

"चालेल, महाराज! अट एकच. खंडागळेसाहेब मागे ज्या खुर्चीत बसतात, तिथे उद्या कोणी बसायचं नाही."

खंडागळ्यांची मिशी एकदम खाली आली.

दुसऱ्या दिवशी अख्खा दरबार हत्तीखान्याच्या दारात गोळा झाला. डावीकडे राजे, उजवीकडे मैना. पडद्यावर धावपट्टी जवळ येऊ लागली.

"महाराज, वेग जास्त आहे."

"मला शिकवतेस?"

"तेच तर ठरलंय! महाराज, फार खाली आलो. उतरू नका, पुन्हा वर चला!"

"राजा माघार घेत नसतो!"

धाड! खोली गदागदा हलली, पडदा लालभडक झाला.

मैनानं हात जोडले. "महाराज वारले. गादीवर कोणाला बसवायचं?"

प्रधानजी युवराजांकडे बघू लागले. युवराज हळूच एक पाऊल पुढे सरकले.

"अशक्य!" राजे गरजले. "वर्षभरात एकदाही आपटलं नाही!"

"एकदाही उतरलंही नाही, महाराज! चाकं टेकायच्या आत साहेब मागून बटण दाबून चित्र थांबवायचे आणि म्हणायचे, 'वा महाराज, फुलासारखं!' मी बोलले, तर म्हणाले, उजव्या खुर्चीनं गप्प बसायचं."

"खंडागळे?"

"महाराजांना आपटू द्यायची माझी काय बिशाद!"

राजांनी दात ओठ खाल्ले. "पुन्हा!"

पुन्हा धाड! "महाराज दुसऱ्यांदा वारले," मैना म्हणाली. युवराज आणखी एक पाऊल पुढे.

ते राजांनी पाहिलं! तिसऱ्या वेळी मैना "वर चला!" म्हणाली, तसे ते मुकाट्यानं वर गेले, वळसा घालून आले, आणि सूर्य डोंगराला टेकता टेकता चाकं धावपट्टीला टेकली. दणका असा की पगडी नाकावर आली.

"फुलासारखं नाही, महाराज. नारळासारखं! पण उतरलं!"

राजे पगडी सावरत म्हणाले, "काय गं, खंडागळ्यांना वर्षात जमलं नाही, ते तुला एका दिवसात कसं जमलं?"

"गरुड उडतो झकास, महाराज. पण बोलते ती मैनाच!"

राजे खुशीत ताडकन उठले. "बस्स! उद्या खरं विमान मीच उतरवणार!"

"वा महाराज!" दरबार ओरडला.

"अवश्य, महाराज!" खंडागळे म्हणाले.

"मुळीच नाही, महाराज!" मैना म्हणाली.

राजांच्या भुवया चढल्या. "राजाला नाही म्हणतेस?"

"उजव्या खुर्चीचं कामच ते!"

राजे पोट धरधरून हसले. डोळे पुसत त्यांनी हत्तीखान्याची किल्ली तिच्या हातात ठेवली. "आजपासून को-पायलट शिकवतील! बाहेरच्या पोरांना आत घे. आणि पहिल्या वर्गात खंडागळ्यांना बसव. उजव्या खुर्चीत!"