तुळसाच्या बापाची मिळकत

दिवाणजींनी एक थोर कायदा काढला: परमुलखातला नवरा राज्यात आणायचा, तर बायकोची कमाई शंभर मोहरांची हवी. गरिबांनी प्रेमसुद्धा आपल्या ऐपतीत, म्हणजे सरहद्दीच्या आतच करावं!

तुळसा कोष्टिणीचा नवरा हळदीच्या अंगानं नाक्यावर अडकला. तिनं भर दरबारात विचारलं, "दिवाणजी, तुमचे जावईही परमुलखातलेच की! तुमच्या लेकीची कमाई किती?"

"तिला कमवायची गरज काय? बापाची मिळकत धरली," दिवाणजी गुरगुरले.

"मग माझ्याही बापाची धरा. दर दसऱ्याला महाराज याच गादीवरून सांगतात, रयत म्हणजे माझी लेकरं!"

दरबारात हशा पिकला. महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

"दिवाणजी, पालखी घेऊन नाक्यावर पळा. आमचे जावई खोळंबलेत!"