दरडोई एक भाकरी

"...मग मागास कोण, बाबा? माझ्या हिशेबानं करंजखोपच!"

डॉ. पराशर घाटगे तावातावानं बोलत होते. हे सुईवाले डॉक्टर नव्हेत, अर्थशास्त्राचे. दर गुरुवारी शहरातून फकीर लतीफबाबांच्या तकियावर, म्हणजे त्यांच्या मठीत यायचे. शिकायला म्हणे! शिष्य म्हणवून घेणारा हा माणूस गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी तिथला झाडलोटवाला, चहाही माझ्याच गळ्यात. त्यामुळं ऐकावं लागतं.

डॉक्टरांच्या मांडीवर जाडजूड अहवाल होता. वडजाई आणि करंजखोप, शेजारशेजारचे दोन तालुके. बावीस निकष लावून दोघांचा विकास मोजलेला. जो मागास ठरेल, त्याला बाळंतपणाचं रुग्णालय. फक्त सही राहिली होती, आणि ती बाबांच्या पायाशी करायची डॉक्टरांना हौस.

"आणि वडजाई?" बाबांनी विचारलं.

"पुढारलेली! दरडोई उत्पन्न दुप्पट."

कोपऱ्यात हौसाबाई बसली होती. वडजाईचीच. लेकीच्या बाळंतपणासाठी दुवा मागायला आलेली.

"अगं बया! आम्ही श्रीमंत झालो? कधी वो, सायेब?"

"बाई, तुमच्या पठारावर पवनचक्क्या आहेत ना? ते उत्पन्न तुमच्याच तालुक्याचं धरतात. एकूण उत्पन्न भागिले एकूण डोकी. झालं दरडोई."

"चक्क्या फिरत्यात खऱ्या. पर ते वारं समदं आमच्या डोईवरनंच जातंय की!"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात ती बाबांकडं वळली.

"बाबा, माझी थोरली करंजखोपला दिलीया. तिथं ती गरीब. पयलं बाळंतपण म्हणून परवा माहेरी आणली, तर खिंड उतरली आन श्रीमंत झाली! पोरीला अजून कुणी सांगितलं बी न्हाई."

मला हसू आवरेना. अर्धा चहा चुलीत गेला.

डॉक्टर लालबुंद. "तुमची मुलगी करंजखोपच्या लोकसंख्येत मोजलीय, बाई."

"डोई तिकडं मोजलीस," बाबा म्हणाले. "आणि पोट?"

"पोट... म्हणजे?"

"ते इकडं आलंय."

"बाबा, एकेका बाईकडं बघून धोरण ठरत नाही. सरासरी बघावी लागते!"

बाबांनी हौसाबाईच्या शेजारच्या फडक्याकडं पाहिलं.

"भूक लागली," ते म्हणाले. "हौसा, सोड गं फडकं."

फडक्यात चार ज्वारीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. आम्हीही चौघंच. मी सकाळपासून उपाशी होतो, खोटं कशाला बोलू. डॉक्टरही रिकाम्या पोटी एसटीनं आलेले.

बाबांनी कांदा फोडला आणि खायला बसले.

एक भाकरी गेली. दुसरी गेली. म्हटलं, असेल म्हाताऱ्याला भूक. तिसरीला हात घातला तेव्हा मी चुलीपासून पुढं सरकलो. चौथीकडं डॉक्टरांनी हळूच हात नेला, तर बाबांनी फडकंच पलीकडं ओढलं. तीही गेली, चटणीसकट.

वर ढेकर.

"बाबा! आणि आम्ही?" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच.

"भाकऱ्या किती होत्या?"

"चार."

"डोकी?"

"चार."

"मग दरडोई?"

"एक," डॉक्टर बोलून गेले. सवय, दुसरं काय.

"झालं तर मग. वरून पाणी पी."

गुरू असोत नाहीतर आणखी कोणी, मला भयंकर राग आला. हौसाबाई मात्र तोंडाला पदर लावून खुदखुदत होती.

डॉक्टर गप्प. खरंच गप्प...

मग हलक्या आवाजात त्यांनी तिला विचारलं, "लेकीला कितवा, बाई?"

"नववा लागला."

"रुग्णालय किती लांब पडतं?"

"जीप मिळाली तर दोन तास. न्हाई मिळाली तर..."

तिनं पदर तोंडावरून खाली घेतला. हसूही गेलं तिचं.

डॉक्टरांनी अहवाल उघडला. पानं पुढं उलटली, मागं उलटली. बेरजांवरून बोट फिरवलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सहीची जागा कोरीच.

"पण बाबा, मी तीनदा तपासलाय! भागाकार बरोबर आहे हो..."

बाबांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि हौसाबाईच्या हातात दिली.

"भागाकार बरोबरच आहे, बेटा. पण भागत नाही."