विमानतळावरचा शड्डू

"...आणि मशीन वाजलं तर?"

"वाजू दे की."

"सगळे बघतील, वस्ताद."

"बघू दे की."

प्रणोतीनं आपल्या टाचेकडं पाहिलं. सुरक्षा तपासणीची रांग एक पाऊल पुढं सरकली.

हिंदुराव वस्तादांना मात्र सगळ्याचंच अप्रूप वाटत होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस पहिल्यांदाच विमानात बसणार होता. सरकत्या जिन्यावरून ते दोनदा वर गेले आणि दोनदा खाली आले. काचेतून विमान दिसलं तेव्हा म्हणाले, "अगं, हे तर बसलेल्या रेड्यागत दिसतंय!"

प्रणोतीही सकाळपासून हवेत होती. पहिलीच परदेशातली स्पर्धा. भाला सामानात जमा झाला होता. छातीवर देशाचं नाव लिहिलेला नवा कोरा पोशाख होता आणि त्याची विजार टाचेपर्यंत लांब होती.

विजार तिनं मुद्दाम तशी शिवून घेतली होती.

ती शाळेत असतानाच उसाच्या ट्रॉलीनं तिचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. त्यानंतर ती वस्तादांच्या तालमीत आली. भाल्यातलं वस्तादांना फारसं कळत नव्हतं. माणूस उभा कसा राहतो, एवढं कळत होतं. तेच त्यांनी तिला शिकवलं. भाला फेकायला ती पुढं दुसरीकडं शिकली, पण गुरू म्हणून पाया पडायची ती ह्यांच्याच.

ती फेकायची फार लांब. पण फोटो काढताना कमरेच्या वरचाच काढू द्यायची. सरावाला आलेल्या मुलींपुढंही तिनं तो पाय कधी काढला नव्हता.

विमानतळाच्या दारात एक कर्मचारी चाकांची खुर्ची घेऊन आला होता. "मॅडम, बसा."

"मी चालत जाणार," ती म्हणाली होती. "इतरांसारखी."



*

पुरुषांच्या रांगेत वस्तादांचा नंबर आधी आला. ते चौकटीखालून गेले.

मशीन वाजलं.

जवानानं हातातलं यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं. मांडीपाशी ते किंचाळलं.

"बाबा, काय आहे इथं?"

"सळई!" वस्ताद खुशीत म्हणाले. "तरणा असताना मांडी मोडली होती, तवा घातलेली. अजून हाय व्हय? मला वाटलं, विरघळली असंल!"

जवान हसला. त्यानं वस्तादांचे चुरगळलेले कान पाहिले.

"पैलवान?"

"होतो."

जवानानं नीट तपासलं आणि त्यांना पुढं सोडलं. वस्ताद पट्ट्यावरून आलेली आपली टोपी उचलून डोक्यावर ठेवत होते, तेवढ्यात पलीकडं दुसरं मशीन वाजलं.

बायकांची तपासणी पडद्याआड होती. प्रणोती आत गेली होती. आतल्या महिला जवानानं यंत्र तिच्या पोटरीपाशी नेलं. ते थांबेचना. तिनं विजारीवरून हात लावला... हाताला काहीतरी कडक लागलं. ती दचकून मागं सरली आणि पडदा सारून मोठ्यानं ओरडली,

"सर! ह्यांचा एक पाय नकली आहे! काय करायचं?"

रांगेतली सगळी डोकी वळली.

कुणीतरी म्हणालं, "अरेरे... बिचारी."

प्रणोती पडद्यातून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती पुढं आली नाही. आली होती त्याच वाटेनं परत निघाली.

"प्रणोती!"

"मी जात नाही, वस्ताद."

"थांब."

"नाही! ह्यांना काय दाखवू मी? ह्यांच्यासमोर काय काय उतरवू? नको मला ती स्पर्धा."

वस्ताद तिच्याकडं यायला वळले. जवानानं हात आडवा केला. "बाबा, तपासणी झाली की परत मागं जाता येत नाही."

दोघांच्या मधे ट्रे, पिशव्या, पट्टे आणि माणसं होती. वरून आवाज आला. त्यांच्याच विमानाला प्रवासी बोलावत होते.

वस्तादांनी तिला ये म्हटलं नाही. जा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं,

"पैलवान लंगोटावरच का उतरतो गं?"

"काय?"

"इचारतोय ते सांग."

"वस्ताद, ही काय वेळ आहे?"

"हीच."

ती चिडली. डोळे भरले होते. पण तालमीतली सवय अशी, की वस्तादांनी विचारलं की उत्तर द्यायचंच.

"कापड नको म्हणून! अंगावर कापड असलं, की समोरच्याला धरायला जागा मिळते. उघड्या अंगावर पकड बसत..."

ती थांबली.

"...बसत नाही."



तिनं मान खाली घातली. टाचेपर्यंत लोंबणाऱ्या नव्या कोऱ्या विजारीकडं बघत राहिली.

पट्टा फिरत होता...

मग तिनं वाकून विजारीच्या डाव्या पायाची चेन ओढली. कापड गुडघ्यापर्यंत दुमडलं. उजेडात पाय चमकला. खाली धातूची नळी, वर गुडघा बसवायची निळी वाटी.

ती वळली. सरळ महिला जवानापुढं जाऊन उभी राहिली.

"तपासा."

"ताई, मी... आत चला ना. पडद्याआड."

"ओरडताना पडदा उघडा होता. आता बघतानाही उघडाच राहू दे."

महिला जवानाचं तोंड उतरलं.

"आणि ऐका," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण पोहोचत होता. "आधी मला बसायला खुर्ची द्या. हात लावायच्या आधी सांगा. आणि काही विचारायचं असेल तर मला विचारा. रांगेला नको. माझ्यामागून येईल तिला पडदा लागेल. तिला तो मागावा लागू नये."

हाक ऐकून आलेला अधिकारी शेजारीच उभा होता. त्यानं स्वतः खुर्ची आणून ठेवली.

ती बसली नाही. आधी तिनं उजवा हात वर उचलला...

आणि मांडीवर शड्डू ठोकला.

फाट्!

छतापर्यंत आवाज गेला. एका बाईच्या हातातला ट्रे खाली पडला. चार जवान गर्रकन वळले. एकजण ओरडला, "काय फुटलं?"

पलीकडून वस्ताद ओरडले, "फुटलं न्हाई! उघडलं!"

आणि ते असे हसले, की त्यांना तपासणारा जवानही हसू लागला.

अधिकारी हसला नाही. "मॅडम, इथं असा आवाज करू नका. लोक घाबरतात."

"बरोबर आहे तुमचं," प्रणोती म्हणाली. "परत नाही करणार. एवढाच बाकी होता."

ती खुर्चीत बसली. वाटीवरचं बटण दाबलं. टक्, टक्, टक्. पाय सुटला.

महिला जवान गुडघ्यावर बसली. "ताई, मी आता ह्याच्यावरून पट्टी फिरवते. मग ती पट्टी त्या स्फोटकं शोधायच्या यंत्रात घालायची. चालेल?"

"चालेल."

"आणि... गुडघ्यापाशी हात लावू?"

"लावा."

महिला जवान पट्टी फिरवू लागली. खालच्या आवाजात ती म्हणाली, "असा पाय मी पहिल्यांदाच बघते. भीतीनंच ओरडले मी. चुकलं माझं."

"मीही आजच दाखवला. दोघींचा पहिला दिवस."

"दुखतो?"

"थंडीत. नसलेली बोटं खाजतात."

"नसलेली?"

"हो. आणि खाजवायची कुठं, ते कळत नाही."

महिला जवानाला हसू आलं. मग प्रणोतीलाही. मगाशी तिला परत फिरवणारी ती रांग आता कान देऊन ऐकत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

यंत्रात हिरवा दिवा लागला.

"झालं, ताई. घाला पाय."

मगाशी 'बिचारी' म्हणालेला माणूस पुढंच उभा होता. त्यानं घसा खाकरला. "कुठं... कुठं निघालात तुम्ही?"

"भाला फेकायला."

"लांब जातो?"

प्रणोतीनं इकडंतिकडं पाहिलं. बोट केलं. "तुम्ही आहात तिथून फेकला, तर त्या खिडकीच्या काचा फोडून पलीकडं."

"बाप रे!"

"फेकून दाखवू?"

"नको, नको!" अधिकारी म्हणाला. आणि आता तोही हसला.

*

वस्ताद पट्ट्याच्या टोकाशी तिची पिशवी धरून उभे होते. ती जवळ आली आणि वाकू लागली. वस्तादांनी तिचे खांदे धरून तिला वाकू दिलं नाही, पिशवी तिच्या पाठीवर अडकवली.

"विमान जाईल, चल!"

दोघं निघाली. सळई घातलेला पाय आणि धातूचा पाय, दोन्ही चमकत्या फरशीवर भराभर पडू लागले. विजार दुमडलेलीच होती. समोरून येणारी माणसं आधी पायाकडं बघत, मग छातीवरचं नाव वाचत, मग तिच्या चेहऱ्याकडं. ती प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देत होती. एकाला तर तिनंच आधी नमस्कार केला.

"वस्ताद!"

"बोल."

"मला पळावंसं वाटतंय!"

"मग पळ. मी येतो मागनं."

ती पळाली. खरंच पळाली. पाठीवर पिशवी उडत होती. धातू फरशीवर ठण् ठण् वाजत होता. एका दुकानातल्या मुलीनं मान बाहेर काढून टाळी वाजवली. वस्ताद टोपी हातात घेऊन, धापा टाकत, मागून लंगडत येत होते. आज ते कुणाच्या तरी मागं पडले होते आणि त्यांना ते फार आवडलेलं दिसत होतं.

शेवटच्या दारापाशी ती थांबली. गाल लाल झाले होते, श्वास पुरत नव्हता. तिकीट पुढं केलं. दारावरच्या तरुणानं ते पाहिलं, मग तिचा पाय पाहिला, आणि नम्रपणे विचारलं,

"मॅडम, काही मदत लागेल?"

"लागली तर मागेन," ती म्हणाली. "मला मागता येतं."

मागून वस्ताद पोहोचले. कपाळावरचा घाम पुसला. प्रणोती त्यांच्याकडं वळली. डोळ्यांत पाणी आणि हसू एकत्र आलं होतं.

"वस्ताद, ते लंगोटाचं... इतकी वर्षं का नाही विचारलंत मला?"

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं...

आणि खिशातनं आपलं तिकीट काढलं.

दारावरच्या तरुणानं त्यांचंही तिकीट घेतलं. एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं.

"बाबा, तुम्ही ह्यांचे कोण?"

वस्तादांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"सकाळपर्यंत वस्ताद होतो. आता हिच्या मागनं चालतोय."