घाबरवून दाखवा, बाई!

मिरजेच्या एका साप्ताहिकात वैजयंता कुरणे सिनेमाची परीक्षणं लिहीत. यशोधन राजोपाध्ये यांच्या नव्या रक्तपिशाच्चपटाबद्दल त्यांनी स्पष्टच लिहिलं, ‘पडका किल्ला आहे, धुकं आहे, लांब सुळेही आहेत, भीती तेवढी नाही.’

दिग्दर्शक राजोपाध्ये भडकले. दुपारच्या खेळाला त्यांनी बाईंना मुद्दाम बोलावलं, शेजारी साप्ताहिकाच्या मालकांनाही बसवलं. सिनेमा संपताच ते माईक घेऊन पडद्यासमोर उभे राहिले.

“भीती कशाशी खातात हे या बाईंना ठाऊक नाही. या, बाई, या तीनशे लोकांना घाबरवून दाखवा! नाहीतर माफी मागा आणि लिहिणं सोडा.”

मालकांनी मान खाली घातली. माफी मागण्याचा विचारही वैजयंताबाईंच्या मनात आला नाही. त्यांनी पुढे होऊन माईक घेतला.

“मंडळी, कुणी उठू नका. दारं बंद करताहेत. हाच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून दाखवणार आहेत.”

एकच किंकाळी उठली. खुर्च्या धडाधड मिटल्या आणि लोक दाराकडे धावले. सगळ्यांत पुढे साप्ताहिकाचे मालक होते.

बाईंनी माईक राजोपाध्यांच्या हातात ठेवला. “घाबरवलं,” त्या म्हणाल्या. “आता लिहायला जाते.”